दादा, बंदूक अजून महागच आहे

दादा,

आपल्या घरात बंदूक नव्हती. तेलाचा रिकामा डबा होता. भात पिवळं पडायला लागलं की बाबा तो डबा आणि एक काठी घेऊन खाचराच्या कडेला मचाणावर जाऊन बसायचे आणि डुकरांची चाहूल लागली की बडवत सुटायचे. पहिली काही वर्षं डुकरं पळाली. मग त्यांना सवय झाली. तू म्हणायचास, आता ती तालावर खातात.

वरच्या वाडीत एका घरी ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली. बाबा तिकडे जाऊन पडवीत उभे राहायचे. बस म्हटलं तरी बसायचे नाहीत. मग त्यांच्यातलं कोणीतरी एखाद्या संध्याकाळी येऊन आपल्या बांधावर एक बार काढून जायचं, आणि तेवढे दिवस आपलं भात आपलं असायचं. पण निवडणूक लागली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा. आचारसंहिता डुकरांना तलाठ्याच्या आधी कळते, हे वाक्य तुझंच.

मी दहावीत होते तेव्हा निवडणूक नेमकी कापणीच्या तोंडावर आली. डुकरांनी खालची खाचरं खाल्ली त्यापेक्षा जास्त लोळवली. सकाळी आई चिखलात वाकून लोंब्या वेचत होती आणि बाबा डबा हातात घेऊन नुसते उभे होते. आईवर ओरडावं की डब्यावर, ते त्यांना कळत नव्हतं. त्या वर्षी रेशनच्या तांदळाची पेज होती आणि तिच्यात दिवसेंदिवस पाणी वाढत गेलं. तू शिक्षण सोडून मुंबईला वेल्डिंगच्या कामाला लागलास आणि तिथून इकडे आखातात, रुवैसच्या रिफायनरीत आलास. मी रत्नागिरीला कॉलेजात गेले.

आपल्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे. हे मी चारचौघांत मोठ्याने सांगते, दुबईच्या ऑफिसातही सांगते, त्यात लाजायचं काही नाही. तू मला 'ग्रॅज्युएट' म्हणून हाक मारायचास. त्यात अर्धी टिंगल असायची. उरलेलं अर्धं काय असायचं ते मला ठाऊक आहे, तू कधी बोलून दाखवलं नाहीस तरी.

तुझ्याबद्दल लिही, असं इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला सांगितलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं मी तुझ्या कष्टांबद्दल लिहीन. रुवैसच्या उन्हाबद्दल, शटडाऊनमधल्या, प्लांट बंद ठेवून दुरुस्तीच्या ड्युट्यांबद्दल. ते सगळ्यांचंच असतं. मला मात्र सारखी अबूधाबी आठवते. शिकारीच्या सामानाचं ते दरवर्षीचं प्रदर्शन, आणि त्यात बंदुकांच्या दालनातून हात मागे बांधून फिरणारा तू, जसा काही सगळा माल तुझ्या सहीवाचून अडलाय.

लोक तिथे ससाणे बघायला जातात, उंट बघायला जातात, वाळवंटात चालवायच्या गाड्या बघायला जातात. आपण भाव विचारायला जायचो. तू रुवैसहून बसने, मी दुबईतल्या अल कुसैसहून गाडीने, आणि दाराशी भेटलो की तुझा पहिला प्रश्न, "सुकट आणलीस?" आधी पार्किंगमध्ये एसी चालू ठेवून तांदळाची भाकरी आणि सुकट. माझी ईशा मागच्या सीटवर नाक दाबून बसायची. "मामा, इट स्टिंक्स!" आणि तू तोंडात घास घेऊन म्हणायचास, "याच वासावर तुझ्या आईची डिग्री झालीय. नीट श्वास घे."

मग आत. तुला बंदूक घ्यायची नव्हती, घेता येणारही नव्हती. इथे आपल्यासारख्याला कोण देतो परवाना, आणि दिला तरी ती विमानाने गावी नेणार कशी? हे मी तुला पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. "घ्यायची कोणाला आहे," तू म्हणालास, "भाव तर बघू." मला ते पटलं, कारण भाव बघणं हे माझं रोजचं काम आहे. परचेसमध्ये मी दिवसभर दुसरं करते काय? तीन व्हेंडरांची कोटेशन मागवायची आणि तिघांनाही रडवायचं. पण तुझी भाव बघायची रीत माझ्या रीतीत कुठे बसत नव्हती.

एक तर तुझा दिरहम. तू आलास तेव्हा एका दिरहमला बारा रुपये मिळायचे. त्यानंतर तो पंधरा झाला, अठरा झाला, वीस ओलांडून गेला. घरी पैसे पाठवताना तू आजचाच भाव मागायचास, त्यात फुटक्या पैशाची चूक चालायची नाही. पण वस्तूची किंमत करायची म्हटलं की तू बाराच्या पाढ्यावर उभा.

"किती म्हणतोय?"

"अठ्ठावीसशे."

"म्हणजे तेहतीस हजार सहाशे. महाग आहे."

"दादा, चोवीसने गुण. सदुसष्ट हजार होतात."

"चोवीसचा पाढा मला येत नाही."

"मोबाईल आहे ना हातात?"

"तू गुण. मी ऐकणार नाही."

सगळ्या गोष्टींची किंमत तुझ्या डोक्यात निम्मीच राहिली आणि ती निम्मीसुद्धा तुला महाग वाटायची. गंमत म्हणजे इटलीच्या त्या कोरीव कामाच्या बंदुका, ज्यांच्यावर सोन्याचे तितर आणि हरणं काढलेली असतात, त्यांना तू कधी महाग म्हटलं नाहीस. सव्वा लाख दिरहमच्या एका दुनळीपुढे बराच वेळ उभा राहून तू म्हणालास, "वाजवी आहे." मी विचारलं, वाजवी कशी? "डुकरासाठी नाहीच ती. दिवाणखान्यासाठी आहे. दिवाणखाना असलेल्या माणसाला वाजवी आहे." असलं कोटेशन मी आजवर कुठे पास केलेलं नाही, पण त्यात चूकही काढता आली नाही.

आणि तो म्हातारा अरब आठवतो? पांढरीशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात काठी, आणि हिंदी आपल्याहून साफ. तू तुर्की बंदुकांच्या काउंटरवर सेल्समनशी हातवारे करत होतास, तेव्हा तो बाजूला येऊन उभा राहिला.

"क्या मारेगा इससे?"

"सूअर," तू म्हणालास. मी तुला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

"अस्तगफिरुल्ला," म्हातारा म्हणाला. मग भुवया चढवून, "खाता है?"

"मैं नहीं खाता, बाबा. वो खाता है. हमारा चावल."

म्हातारा काठीवर वाकून इतका हसला की लोक वळून बघायला लागले. "खलास," तो म्हणाला, "फिर तो मारो." आणि सेल्समनला अरबीत काहीतरी सांगितलं, त्याबरोबर इतका वेळ काचेआड असलेली बंदूक आपल्या पुढ्यात आली.

तू ती उचललीस, खांद्याला लावलीस, खाली केलीस आणि माझ्या हातात दिलीस. "धर."

"मी कशाला?"

"धर म्हटलं ना. खांद्याला लाव. तशीच राहा." मी लावली. सगळं दालन बघतंय असं वाटून माझे कान तापले. "जड वाटते?"

"वाटते थोडी."

"दंड भरून आले?"

"दादा, पुरे."

"जड आहे," तू सेल्समनला म्हणालास, "और हलका?" तो बिचारा म्हणाला, हबीबी, यू आर अ स्ट्राँग मॅन. तू म्हणालास, "हम स्ट्राँग है, मालूम है. और हलका दिखाओ."

हे दरवर्षी व्हायचं. भाव विचारायचास तू आणि खांदा लागायचा माझा. बहिणीला बंदूक धरायला लावून तुला गंमत वाटते, फोटो काढून कॅम्पवरच्या मित्रांना दाखवत असशील, असंच मी समजून चालले.

परतताना ठरलेलं भांडण. ते बस स्टँडपर्यंत चालायचं आणि तुझी बस सुटली की अर्धवट राहायचं. मी म्हणायचे, बंदुकीचा नाद सोड, कुंपण घाल. चारी बाजूंनी तार ओढायची, सौर पॅनेलवर झटका मशीन बसवायचं. डुक्कर तारेला नाक लावतं, झटका खातं, परत फिरतं. मरत कोणी नाही, परवाना लागत नाही, निवडणुकीत काही जमा करावं लागत नाही. मी तुला तिघांचे भावसुद्धा काढून पाठवले होते.

"तुझं कुंपण चांगलंय," तू म्हणायचास, "पण मग रानात माणूस लागत नाही. माणूस लागला नाही की तो जातो. आधी रानातून, मग घरातून. वाडीत बघ, कुलपं मोज."

"आणि तुझी बंदूक कोण चालवणार? तू रुवैसला बसून?"

"चालवेल कोणीतरी."

"कोण? बाबा आहेत का आता? आई?"

"चालवेल म्हटलं ना." आणि तू खिडकीची सीट धरायला पळायचास.

गेल्या वर्षी हेच बोलणं झालं. शेवटचं म्हणून तू काही वेगळं बोलला असतास तर लक्षात राहिलं असतं. बसच्या पायरीवरून वळून तू म्हणालास, "पुढच्या वर्षी सुकटीत कांदा कमी घाल." एवढंच.

मे महिन्यात तुझ्या रूममधल्या माणसाचा फोन आला. ड्युटीला उठवायला गेले तर तू उठला नाहीस. मला त्या दिवसांतलं फार काही आठवत नाही, कागद केले, सह्या केल्या, लोकांनी मदत केली. एक मात्र विसरता येत नाही. तुला गावी न्यायचं म्हणून एअरपोर्टच्या कार्गोत तुझ्या पेटीचं वजन केलं. काट्यावर आकडा आला आणि तिथल्या माणसाने तो मला वाचून दाखवला, बरोबर आहे ना म्हणून. मी म्हटलं, बरोबर आहे. मला काय माहीत बरोबर कितीला म्हणतात? तू असतास तर म्हणाला असतास, जड आहे, और हलका दिखाओ. मला ते तिथे उभ्या उभ्या सुचलं आणि मी हसले. तो माणूस घाबरला.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, आई आत झोपली होती, आणि मी आणि वहिनी पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. कोपऱ्यात मुसळ उभं होतं. त्याच्याकडे बघून ती एकदम म्हणाली, "आता ते आत ठेवायला हरकत नाय."

मी विचारलं, मुसळ बाहेर कशाला?

"ह्यांची कवायत." तिने हसायचा प्रयत्न केला. "व्हिडिओ कॉल लावायचे आणि मला सांगायचे, मुसळ उचल. आडवं धर. खांद्याला लाव. एक डोळा मीट. किती वेळ धरतेस बघू. मी अंगणात उभी मुसळ धरून, आणि हे तिकडून, कोपर वर, कोपर वर. शेजारीण कुंपणावरून म्हणायची, नवरा तिकडून परेड घेतो गं बायकोची!"

मी विचारलं, हे कधीपासून?

"दरवर्षी त्या प्रदर्शनातनं आले की जास्त चालायचं," वहिनी म्हणाली. "म्हणायचे, वैशालीला धरायला लावली, तिचे दंड भरले, पण तिचं काय, ती ऑफिसात बसणारी. तू भारे उचलतेस. तुझ्या नावाने परवाना काढू. शिकवणारा माणूस बघून ठेवलाय. आईला सांगू नको, ग्रॅज्युएटला तर मुळीच नको, ती हसेल."

मी हसले असते का? हसले असते, दादा. थोडा वेळ. मग मी तुझ्या बाजूने अख्ख्या तहसीलदार कचेरीशी भांडले असते, आणि तुला ते माहीत होतं. मग सांगायला काय झालं होतं रे? एवढी वर्षं माझा खांदा वापरलास आणि कोणासाठी ते बोलला नाहीस. वहिनी आणि मी अंगाने सारख्या, तिची चोळी मला बसते, माझे ड्रेस तिला. तू दर वर्षी त्या दालनात वहिनीच्या हातात बंदूक देऊन बघत होतास आणि मी तिथे उभी असून मला पत्ता नव्हता. अजून राग येतो. आता कोणावर काढू?

मी वहिनीला म्हटलं, म्हणजे तुला बंदूक मिळणार होती. दादाने ठरवलंच होतं.

तिने सूप खाली ठेवलं. "मला नको होती बंदूक, वैशाली. मला ते घरात हवे होते. बंदूक आली असती तर ते कशाला आले असते? म्हणाले असते, आता तुझं तू बघतेस की, मी आणखी दोन वर्षं काढतो." मग ती म्हणाली, "मी मुद्दाम मुसळ लवकर खाली ठेवायचे. दंड दुखले म्हणायचे. मला संध्याकाळपर्यंत धरता आलं असतं."

हे तुला माहीत नव्हतं, दादा. आता तरी माहीत असू दे. तुझी सगळी वजनं, माझ्या दंडावर केलेली आणि तिच्या दंडावर केलेली, चुकली होती. ती तुला हरवत होती, तू घरी यावास म्हणून. आणि तू हलकी बंदूक शोधत राहिलास, तिला एकटीला जमावं म्हणून. तुम्ही दोघं एकमेकांसाठी किती खोटं बोललात, आणि मधे मी कोटेशनं पाठवत बसले.

त्याच दुपारी मी कुंपणाचा विषय काढला. भीत भीतच काढला, तू ज्याला नाही म्हणालास ते तू गेल्यावर महिन्याभराच्या आत रेटायचं म्हणजे बरं नाही दिसत. वहिनीने नीट ऐकून घेतलं, तार किती उंच, पाऊस पडला तर काय, वासरू गेलं तर मरेल का. मग म्हणाली, "घाल. पण त्यांना वाटायचं तसं व्हायचं नाय. मी कुठं जात नाय. तारेला वेल लागली की झटका बसत नाय म्हणतेस ना, मग वेल कोण काढणार? माणूस लागतंच की."

तेव्हा कळलं की आपलं भांडण तिला विचारलं असतं तर कधीच मिटलं असतं. आपण दोघं शहाणे बस स्टँडवर भांडत होतो.

पेरणीच्या आधी खांब रोवले. तार ओढताना मी होते, बटण दाबलं वहिनीने.

यंदा प्रदर्शनाला मी गेले. ईशाला विचारलं, ती म्हणाली, "विदाउट मामा? नो." तिचं बरोबर होतं. मी एकटी गेले, डबा घेऊन. पार्किंगमध्ये एसी चालू ठेवून भाकरी आणि सुकट खाल्ली. कांदा कमी घातला होता. चव काही बरी लागली नाही, पण तुझं म्हणणं होतं म्हणून.

आत गर्दी होती. तुर्की बंदुकांचं काउंटर त्याच जागी होतं, सेल्समन नवा होता. "फॉर युवर हजबंड, मॅडम?" मी म्हटलं, फॉर माय सिस्टर-इन-लॉ. तो गोंधळला, पण दाखवायला लागला. पहिली जड होती. दुसरी जड होती. तिसरी बारीक नळीची, लाकूड साधं, कुठे नक्षी नाही. ती मी खांद्याला लावली, कोपर वर केलं, एक डोळा मिटला. कोणी धर म्हणत नव्हतं, तरी धरून उभी राहिले. दंड भरून आले नाहीत. हीच होती, दादा. ही तू एवढी वर्षं शोधत होतास.

"हाऊ मच?"

"ट्वेंटी सिक्स हंड्रेड."

मी चोवीसने गुणलं नाही. बाराने गुणलं. एकतीस हजार दोनशे. तुझ्या भावाने परवडली असती. तरीही मी त्याला म्हटलं, महाग आहे, कारण कोणीतरी म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, लास्ट डे डिस्काउंट मिळेल, या. मी म्हटलं, इन्शाल्ला. बाहेर येऊन गाडीत बसले आणि बस स्टँडकडे जाणारं वळण चुकवून सरळ अल कुसैसला आले. त्या वळणावर वळणं मला अजून जमत नाही.

राग आहेच. तू थांबला नाहीस याचा, सांगितलं नाहीस याचा, घरी परत जायचं दर वर्षी एका वर्षाने पुढे ढकललंस याचा. पण मी आज ज्या खुर्चीत बसून व्हेंडरांना रडवते ती खुर्ची तुझ्या वेल्डिंगच्या ठिणग्यांतून आली, हे मी कोणालाही सांगेन, जसं माझी पदवी सांगते तसंच, मोठ्याने.

काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, यंदाही कापणीच्या तोंडावर निवडणूक लागली, वरच्या वाडीतली बंदूक ठाण्यात गेली, आणि लगेच खालच्या खाचराकडे डुकरं आली. तारेपर्यंत आली, एक जोरात केकाटलं, सगळी मागे फिरली. ती सांगताना हसत होती, तू गेल्यापासून पहिल्यांदा. दोघींनाही तुझं ते वाक्य आठवलं होतं, तलाठ्याचं, आणि दोघींनीही ते म्हटलं नाही.

नंतर तिने कामाचं सांगितलं. कापणी झाली, झोडणी झाली. या वर्षी आपलं सगळं भात घरात आलं.